उतरलेली पट्टी

पूर्वरंग संपला. बुवांच्या गळ्यात हार पडला, आम्हा साथीदारांच्या कपाळाला बुक्का लागला, आणि झांजा हातात घेता घेता धुंडिबुवा माझ्या पेटीकडे वाकून म्हणाले, "कुमुदवहिनी, आज उत्तररंगात माळिणीचं पद शालनताई म्हणतील. तुम्ही फक्त सूर द्या."

फक्त.

भात्यावरचा माझा हात तसाच राहिला. माळिणीचं आख्यान बुवांनी स्वतः रचलेलं. रोज देवाला हार नेणारी एक माळीण, एके दिवशी जत्रेच्या गर्दीत तिला धक्के बसतात, सगळी फुलं सांडतात, आणि ती रिकामी परडी घेऊन गाभाऱ्यापुढे उभी राहते. तिथं ते पद. गेली अकरा वर्षं पेटीवर बसून ते मीच म्हणत आले होते. वारणेकाठच्या आमच्या गावात चातुर्मासभर दिवेलागणीला राममंदिरात कीर्तन असतं, आणि माळिणीचं आख्यान लागलं की बायका डोळ्यांना पदर लावायच्या तयारीनंच यायच्या. पदर माझ्या गाण्यानं ओले होतात, असं मी मनाशी धरून बसले होते.

शालन उठून उभी राहिली. नवऱ्याची बदली पोस्टात झाली म्हणून ज्येष्ठात गावात आलेली, एकोणतीस वर्षांची, बुटकी, गोलगोल चेहऱ्याची बाई. हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं ते पोटाशी धरले आणि डोळे मिटून सुरुवात केली.

रिती परडी, दारी आले, फुले वाटेत सांडली,
सांडली ती तुझीच देवा, वाट तुझी ती गंधली...

तिनं नुसतं 'रिती' म्हटलं आणि मला कळलं, की अकरा वर्षं मी शब्द म्हणत होते. परडी खरोखर रिती असते हे मला ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या ओळीला, 'काय उरले देऊ आता, हात तेवढे राहिले', तिनं पोटाशी धरलेले हात पुढं केले. मुद्दाम नव्हे, आपोआप. सगळं देऊळ हुंदक्यानं हललं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र वेगळं होतं.

कीर्तनानंतर ठमाकाकू माझ्याजवळ आल्या. गावातली एकही गोष्ट त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय पुढं सरकत नसे.

"छान म्हणते गं पोरगी! अंगावर काटा आला बघ."

"हो ना."

"तुझंही बरं असायचं," काकू म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर थोपटून गेल्या.

त्या थोपटण्याचा राग मला आठवडाभर पुरला.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी सावरले असते. पण आमच्याकडे कीर्तन संपल्यावर प्रसाद म्हणून प्रत्येकाला पेलाभर गरम आमसुलाचं सार देतात. ती सेवा आमच्या घरची. सासूबाईंपासून चालत आलेली आणि त्यांच्याच पितळी पातेल्यात होणारी. दुसऱ्या दिवशी मी सार वाढत होते, तर शालन मोठ्या काळजीनं पातेल्यात डोकावली.

"वहिनी, तुमच्या पातेल्याची कल्हई उडालीय हो. आतून हिरवट दिसतंय. आंबट करू नये असल्यात. माझ्याकडं स्टीलचं मोठं आहे, उद्या आणून ठेवते. देवळालाच देऊन टाकते."

तिनं हे हळू म्हटलं होतं, पण देवळात हळू बोललेलं जास्त ऐकू जातं.

"स्टीलमध्ये सार?" मी म्हटलं. "मग चहाच पाजू या की सगळ्यांना! टपरीवर असतंच स्टील."

चार बायका हसल्या. शालनही हसली. तिला लागलंच नाही, आणि ते मला लागलं.

मी पातेलं घरी आणलं. आमच्या गावाला वर्षानुवर्षं इस्माईलभाई कल्हई करायचे, पण डोळ्याच्या ऑपरेशनपासून त्यांचं येणं बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोटरसायकलवर भट्टी बांधून एक नवाच माणूस ओरडत आला, "कल्हईऽऽवाले!" मला तो देवानंच धाडलाय असं वाटलं. चार वाजत आले होते. पाचला सार उकळायला हवं होतं, आणि शालनचं स्टीलचं पातेलं सकाळीच देवळात जाऊन बसलं होतं, हे ठमाकाकूंनी मला दोनदा येऊन सांगितलं होतं.

त्यानं अंगणात भट्टी पेटवली. मी सवयीनं त्याच्याकडून कथलाची कांडी मागून घेतली आणि कानाशी धरून वाकवली. ही सासूबाईंची रीत. कथील वाकवलं की करकरतं, कोवळी भेंडी मोडल्यासारखं. "करकरलं की लावायचं," एवढंच त्या सांगायच्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"ही बोलत नाही हो," मी म्हटलं.

"नवीन माल आहे बाई, मऊ आहे. लवकर चढतो. बघाल तुम्ही, चेहरा दिसेल आत!"

मी घड्याळाकडं पाहिलं. म्हटलं, "लावा."

नवसागराचा पांढरा धूर उठला, कापसाच्या बोळ्यानं त्यानं आतून सर्रकन हात फिरवला आणि पातेलं चंद्रासारखं उजळलं. खरंच माझा चेहरा दिसत होता. जिंकलेल्या बाईचा.

त्या संध्याकाळी देवळात सगळ्यांनी पातेल्याचं कौतुक केलं. शालनचं स्टील कोठीत गेलं, तांदूळ भिजवायला. आणि सगळ्यात जास्त कौतुक तिनंच केलं. "सार काय झालंय वहिनी! अजून एक पेला घालता?" तिनं पेला पुढं केला. मी घातला. दुष्टावा करायला निघालेल्या माणसाला समोरच्यानं थोडी तरी मदत करावी लागते. ती काडीची करत नव्हती.

श्रावणातल्या एका दुपारी ती माझ्या घरी आली. ओट्यावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि एकदम माझ्या कानाशी लागली.

"वहिनी, दोन महिने झालेत. आठ वर्षांनी. अजून यांच्या आईलाही सांगितलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा."

मी तिची अलाबला घेतली. तिच्या हातावर साखर ठेवली. मला मूल नाही. एकेचाळीस वर्षं पुरी झाली होती आणि त्या विषयावर आमच्या घरात बोलणं कधीच बंद झालं होतं. साखरेचा डबा परत ठेवताना तो फळीवरून दोनदा घसरला.

नेमक्या त्याच संध्याकाळी बुवांनी सांगून टाकलं, की दसऱ्याला साताऱ्याच्या कीर्तन महोत्सवात माळिणीचं आख्यान लावायचं आणि पद शालनताईंनीच म्हणायचं.

"आणि पेटी?" कुणीतरी विचारलं.

"पेटीला वहिनी आहेतच की!"

देवळाबाहेर पाराशी आमचा मारुती आहे. वर्षानुवर्षांच्या शेंदरानं फुगलेला, डोळे तेवढे उरलेला. त्या संध्याकाळी प्रदक्षिणा घालताना मी त्याच्या पायाशी थांबले. गाणाऱ्याला शेंदूर चारला की गळा बसतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. ठमाकाकू तर कुठल्याशा नटाचा आवाज विड्यातून घालवल्याची कथा अशी सांगायच्या, जणू विडा त्यांनीच लावला होता. मी नखानं चिमूटभर शेंदूर खरवडला, कॅलेंडरच्या कागदात बांधला आणि पेटीच्या खोक्यात अस्तराखाली सरकवला. मारुतीच्या डोळ्यांकडं पाहिलं नाही.

आठवड्याभरानं, शालनची बातमी देवळात सगळ्यांना कळल्यावर, ती पुडी कमरेला खोचून मी सार वाढायला बसले. शालनला दिवस गेल्याचं कळल्यापासून बुवांनीच सांगितलं होतं, की तिला कीर्तनाआधीही एक पेला देत जा, आंबटाचे डोहाळे आहेत. तिचा पेला माझ्या डाव्या हातात होता. डाव उजव्या हातात. आणि बोटं कमरेकडं गेली.

नाही झालं माझ्याच्यानं. पेल्यावर तिच्या बोटांची ऊब होती. मी सार ओतलं आणि म्हटलं, "फुंकून पी, भाजेल."

पण पुडी टाकली नाही. परत खोक्यात ठेवली. मोहाला जिंकलं म्हणून देवापुढं दोन दिवस ताठ मानेनं वावरले.

भाद्रपदात मेडिकल कॉलेजची मंडळी शाळेत येऊन उतरली. त्यांना गावातल्या लोकांचं रक्त हवं होतं. डॉक्टर तनुजा म्हणून एक तरतरीत मुलगी होती. तिनं देवळात येऊन समजावलं, की जिथं कारखाना नाही, बॅटरीचं काम नाही, अशा साध्यासुध्या गावातल्या माणसांच्या रक्तात शिसं किती असतं हे पाहायचंय. ठमाकाकू म्हणाल्या, "आमच्या रक्तात शिसं? आम्ही काय पेन्सिली आहोत?" तरी बुवांनी सांगितलं म्हणून देवळातले तीसेक जण रांगेत बसले. मीही बसले.

त्याच सुमाराला एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा ती गंमत वाटली. पेटीची एक पट्टी अडकत होती म्हणून मी पेटी बाजूला ठेवली होती आणि नामाचा गजर नुसत्या टाळांवर चालला होता. छान रंगला होता. मध्येच पट्टी सुटली, मी सूर दिला, आणि सगळ्या देवळानं कानावर हात ठेवले. सगळे मिळून जवळजवळ एक सूर खाली घसरले होते.

"तुझी पेटी चढली गं!" ठमाकाकू ओरडल्या.

बुवा हसले. "पेटी कशी चढेल काकू? आपण उतरलो. सगळेच मिळून उतरलो, म्हणून कळलं नाही."

आणि मग शालन चुकायला लागली.

पहिल्यांदा तिसऱ्या ओळीला ती थांबली तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. कारण मीच ती ओळ उचलली, चांगली खणखणीत. काय उरले देऊ आता! बायकांनी माझ्याकडं वळून पाहिलं. त्या पाहण्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू? चार दिवसांनी ती पुन्हा तिथंच अडली. मग रोजच कुठं ना कुठं. डोकं दुखतं म्हणायची, पोटात मुरडतं म्हणायची, लहानसहान गोष्टीवर चिडायची आणि मग रडायची. एकदा तबलजीवर खेकसली. "गरोदरपणात होतं असं," मी सगळ्यांना सांगत फिरले. सांगताना मला उत्साह असायचा. मी स्वतःही त्या दिवसांत दुपारी पाय ओढत चालायचे, पेटीवर बोटं जड पडायची, रात्रभर झोपूनही अंग आंबलेलं असायचं. पण त्याला मी वय म्हणत होते.

"गरोदरपणात गळ्याला काही होत नाही," ठमाकाकू एक दिवस माझ्या तोंडावर म्हणाल्या. "गळ्याला होतं ते दुसऱ्यानंच केलेलं असतं."

"म्हणजे काय काकू?"

"मी कुठं काय म्हणतेय?"

दसऱ्याला आठ दिवस राहिले होते. कीर्तनाला अजून वेळ होता, मंडळी जमत होती, सार चुलीवरून उतरवून मी झाकून ठेवलं होतं. शालन खांबाला टेकून तिचा आधीचा पेला घेऊन बसली होती. तेवढ्यात डॉक्टर तनुजा कागदांची पिशवी घेऊन आली. ती गडबडलेली दिसत होती.

"बुवा, एक विचारायचं होतं. आख्ख्या गावात या देवळातल्या मंडळींचेच आकडे वर आलेत. फार नाही, पण सगळ्यांचेच. इतरांचे नाहीत." तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "तुमच्यापैकी कुणाच्या पोटात शेंदूर जातो का?"

टाळ वाजवायचे थांबले.

"का हो बाई?" ठमाकाकूंनी विचारलं.

"शेंदूर शिशापासूनच होतो ना. शेंदूर म्हणजे शिसंच समजा."

"आणि कुणी चारला तर?"

मला कुणी काही म्हणालं नव्हतं, तरी सगळी डोकी माझ्याकडं वळली. ठमाकाकू सरळ उठल्या. "श्रावणात मारुतीच्या पायाशी काय खरवडत होतीस गं कुमुद? मी पाराच्या मागं वाती वळत होते." आणि माझ्या पेटीचं खोकं त्यांनी पालथं केलं. अस्तर निघालं, पुडी पडली. कॅलेंडरच्या कागदावरचा आकडा मला अजून आठवतो. सतरा.

"वहिनी?" बुवा म्हणाले.

"घेतला होता," मी म्हटलं. "दिला नाही."

हे खरं होतं. पण खरं बोलणाऱ्याचा आवाज लागतो, तसा माझा लागला नाही. शालन माझ्याकडं पाहत होती. तिनं एक हात पोटावर ठेवला होता.

"मला पुडी बघू," डॉक्टर म्हणाली. तिनं ती उघडली, मग कागद चाळले. "कुमुदिनी आपणच ना? शालन यांचा आकडा आठ आहे. काकू, तुमचा नऊ. बुवा आठ. आणि कुमुदिनीबाई, तुमचा अकरा. इथं सगळ्यात जास्त तुमचाच आहे."

"नऊ?" ठमाकाकूंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मलाही चारला?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि पुडी तर भरलेलीच आहे की," तबलजी म्हणाला.

"स्वतःला कोण शेंदूर चारतं हो?" शालन एकदम म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. "वहिनींच्या हातचं मी एक सारच प्यालेय. तेच तुम्ही सगळे प्यालात. लाज वाटत नाही काकू?"

डॉक्टरनं मान वर केली. "कसलं सार?"

"आमसुलाचं," बुवा म्हणाले. "पितळेच्या पातेल्यात, पण कल्हई ताजी आहे हं. आषाढात केलेली."

"कल्हई म्हणजे कथील ना? कथलाचं काही नाही, ते चालतं." तिनं वहीत काहीतरी खोडलं. "मग हळद बघते दुकानातली. आणि देवळाचा जुना रंग."

एवढं बोलून ती खांबांचा रंग नखानं खरवडायला गेली.

बुवा माझ्यापुढं आले. डोळे भरले होते त्यांचे. "चुकलो आम्ही वहिनी. अकरा वर्षांच्या सेवेवर संशय घेतला. आजचं पद तुम्ही म्हणायचं. आणि साताऱ्यालाही तुम्हीच. शालनताई, तुमची हरकत नाही ना?"

"माझी कशाला असेल? माझ्या लक्षात तरी कुठं राहतंय हल्ली!" शालन ओल्या डोळ्यांनी हसली आणि पेला तोंडाला लावला.

मला जे हवं होतं ते सगळं माझ्या ओटीत पडलं होतं. आणि त्याच क्षणी कानाशी काहीतरी आलं. आवाज नव्हे. आवाजाचं नसणं. अंगणातली भट्टी, वाकलेली कांडी, आणि काहीच नाही. 'ही बोलत नाही हो.'

करकरतं ते कथील. मग जे करकरत नाही, मऊ असतं, लवकर चढतं, जास्त चकाकतं, ते काय असतं?

त्या साराची रोज चारचारदा चव घेणारी आणि तळाचं संपवणारी मीच, म्हणून अकरा. माझ्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर हळदीच्या मागं लागली होती. बुवांनी नमन सुरू केलं. पूर्वरंगात बुवा काय बोलले ते मला सांगता येणार नाही, आणि हे मी आयुष्यात एकाच कीर्तनाबद्दल म्हणू शकते. हार पडला, बुक्का लागला. बुवांनी माळिणीला गाभाऱ्यापुढं आणून उभं केलं आणि माझ्याकडं हात केला.

मी म्हटलं. रिती परडी, दारी आले. चांगलं म्हटलं. कधी नव्हे इतकं चांगलं. दुसरी ओळ झाली. बायकांचे पदर वर गेले. खांबाशी शालन बसली होती, शेजारच्या बाईला खुणेनं विचारत होती, अजून अर्धा पेला मिळेल का. ती बाई झाकण काढायला वाकली.

तिसऱ्या ओळीला मी थांबले. विसरले नव्हते.

"थांबा," मी म्हटलं. "पिऊ नका ते."

पेटी तशीच सोडून मी उठले. कीर्तनात साथीदारानं मध्येच उठायचं नसतं. अकरा वर्षांत मी शिंकायलाही उठले नव्हते. पातेलं गरम होतं, पदरानं धरलं, अंगणात नेलं आणि मोरीत ओतलं. तांबडं सार वाहून गेलं. मग बुवांचं पांढरं उपरणं खुंटीवर होतं ते घेतलं आणि पातेल्याच्या आतून जोरानं घासलं. उपरण्यावर शिसपेन्सिलीसारखा काळा पट्टा उमटला. मी ते सगळ्यांपुढं धरलं.

"कांडी मुकी होती," मी म्हटलं. "मी कानाशी धरली होती. मला कळलं होतं. पण शालनचं पातेलं आधी देवळात आलं होतं, म्हणून मी म्हटलं, लावा."

एकेक जण पुढं येऊन तो पट्टा बघून गेला. ठमाकाकूसुद्धा.

डॉक्टर धावत आली, उपरण्याला नाक लावून पाहिलं, पातेल्यातला चुरा बाटलीत घेतला. "शिसंच... आंबट... गरम... तीन महिने रोज," ती स्वतःशीच बोलत होती.

मी तिचा हात धरला. "हिचं विसरणं यानंच का? आणि बाळ?"

तिनं मला पायरीवर बसवलं. शालनही येऊन माझ्या शेजारी बसली. मधे वीतभर अंतर होतं.

"खरं सांगू का? मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाली. "आठ हा आकडा असा नाही की माणूस आडवा पडेल. गरोदर बाई तशीही विसरते, थकते. एका माणसाकडं बोट दाखवून कुणीच म्हणू शकत नाही, की हे शिशानं झालं. पण अशी हजार माणसं एका बाजूला, आणि शिसं न गेलेली हजार दुसऱ्या बाजूला बसवली, तर फरक दिसतो. मोठ्यांचा रक्तदाब थोडा वर. मुलांचं लक्ष, पाठांतर थोडं कमी. सगळ्यांचंच थोडंथोडं."

"सगळेच उतरले की कळत नाही," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. औषध काय?"

"बंद करणं हेच औषध. दूध, पालेभाजी, लोहाच्या गोळ्या. रक्तातलं हळूहळू जाईल. हाडात शिरलेलं राहतं बरीच वर्षं. आणि गरोदरपणात आईच्या हाडातलं बाळाकडं जातं, थोडं." तिनं शालनकडं पाहिलं. "थोडंच. घाबरू नका. आज कळलं हे फार चांगलं झालं."

डॉक्टर गेली. आत बुवा कसंबसं आख्यान आवरत होते. शालननं मोरीकडं पाहिलं.

"शेंदूर तरी चिमूटभर होता वहिनी," ती म्हणाली.

एवढं म्हणून ती उठून गेली. त्या वर्षी साताऱ्याला ना ती गेली ना मी. आख्यान पेटीशिवाय झालं, पदाशिवाय झालं. साराची सेवा माझ्याकडून काढून घ्यायला कुणी आलं नाही. मीच जाऊन कोठीतलं स्टीलचं पातेलं घासून चुलीवर ठेवलं आणि डाव ठमाकाकूंच्या हातात दिला. चैत्रात शालनला मुलगी झाली. बारशाला मला बोलावणं येईल असं वाटलं नव्हतं. आलं. पाळण्याशी उभी राहून मी नाव ऐकलं, केतकी, आणि तिच्या मुठी मोजल्यासारख्या पाहत राहिले. शालननं ते पाहिलं. "बघा की हातात घेऊन," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांनीच झिजेल नाहीतर."

केतकी आता अकरा वर्षांची आहे. दर गुरुवारी माझ्याकडं गाणं शिकायला येते. हे शालननंच ठरवलं, मला न विचारता. आवाज आईचा, अगदी तोच. पण पाठ होत नाही लवकर. शाळेतही मागं पडते म्हणतात. "माझ्यासारखीच विसराळू आहे मेली," शालन हसत सांगते, आणि सांगून झाल्यावर क्षणभर माझ्याकडं बघत नाही. मीही तिच्याकडं बघत नाही. ती तशीच जन्मली असेल. पुष्कळ मुलं असतात. नसेलही. ते कळायचा मार्ग नाही, हे मला डॉक्टरनं त्या पायरीवरच सांगून ठेवलंय.

आज गुरुवार होता. केतकी आली, मांडी घालून बसली, डोळे मिटले. रिती परडी, दारी आले. दुसरी ओळ झाली. तिसरीला ती थांबली. कपाळावर आठ्या घालून शोधत राहिली.

शब्द माझ्या ओठावर होते. मी सांगितले नाहीत. भाता हलवत राहिले आणि तिच्या सुरावर बोट दाबून धरलं. मग तिला आठवेपर्यंत मी फक्त सूर दिला.